दहातले नऊ

ती घटना इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. महाराज गादीवर येऊन थोडीच वर्षे झाली होती आणि मी कोल्हापुरात फौजदार होतो. प्लेगने गावे ओस पडत होती. गडमुडशिंगीला लस टोचायला गेलेल्या डॉक्टरांवर दगडफेक झाली. "लोक येणारच नसतील तर मी परत जातो," ठाण्यात तक्रार देताना डॉक्टर म्हणाले.

दगड कोणी मारला ते खबऱ्याने दुपारीच सांगितले. हवालदाराने एका तरुण शेतकऱ्याला ठाण्यात आणले. त्याने काहीच लपवले नाही.

"मारला दगड. टोचलेल्या दहातली नऊ मरत्यात. घरात दोन लेकरं हायत माझी, साहेब."

"मेलेल्यांतला एक तरी सांग."

"आमचा मणेर मेला की. बांगड्या भराय यायचा."

"आणखी कोण?"

तो घुटमळला. "बाकीची दुसऱ्या गावची. सगळीच सांगत्यात."

हा आकडा मी शहरात शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडूनही ऐकला होता. दगडापेक्षा तोच मला घातक वाटला. मी त्याचाच तपास हाती घेतला. आसपासच्या प्रत्येक चावडीवर विचारले, मेला कोण आणि मातीला कोण गेले होते? मातीला कोणीच गेले नव्हते. मेलेला मात्र प्रत्येक गावात एकेकच निघाला: 'आमचा मणेर'. एका गावात बाई हळहळली, "डाव्या पायानं लंगडायचा बिचारा." पुढच्या गावचा मणेरही डाव्या पायानेच लंगडत होता. तिथे मला उलगडा झाला: सगळ्या गावांचा मणेर एकच होता.

तो बहिणीकडे राहतो असे कळले, तेव्हा तिचे घर शोधून काढले. मणेर दारात बसून बांगड्या सुतळीत ओवत होता. लस घेतल्यावर त्याला ताप आला आणि उतरला. पुढे प्लेगमुळे गावांनी वेशी बंद केल्या, म्हणून त्याची फेरी थांबली होती, आणि तो दिसेना म्हणून लोकांनी त्याला मेला धरले होते.

त्याला गडमुडशिंगीच्या चावडीपुढे उभे केले. शेजारच्या गावकऱ्यांनाही बोलावले होते. एका म्हातारीने त्याचा दंड चाचपला.

"जित्ता हाईस की रं तू."

"व्हय आक्का. ताप गेल्यापास्नं भाकरी जास्तच खातोय."

हशा पिकला, आणि लोकांच्या मनातली निम्मी भीती तिथेच गेली. दगड मारणारा गडी बाही सारून डॉक्टरांपुढे पहिला बसला. त्याच्यामागे रांग लागली. डॉक्टरांनी तक्रार मागे घेतली.

पुढे मी दरोडेखोरही पकडले, पण त्या दिवशीइतक्या ताठ मानेने ठाण्यात कधी परतलो नाही. त्या लोकांत खोटारडा कोणीच नव्हता. प्रत्येक गावाने तोच एक मणेर आपापला म्हणून मोजला, आणि बेरीज करणाऱ्याने चौकशी केली नाही. तेव्हापासून कोणी ठासून आकडा सांगितला, की मी एवढेच विचारतो: मोजले कोणी?