फुगलेल्या पिठात पाच बोटं

आमच्याकडं मळलेलं पीठ झाकून ठेवत नाहीत. मळायचं आणि लगेच थापायचं, नाही तर लाटायचं. ठेवायची वेळ आलीच तर गोळ्यावर बोटं उमटवायची, कारण नुसता गुळगुळीत गोळा पिंडाचा असतो. जित्या माणसांच्या घरात त्याचं काम नाही. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. शाळेत मी फार दिवस गेलोही नाही. आई करायची, बायको करायची, ते बघितलं. म्हणून मी त्या दिवशी जे केलं ते बरोबरच केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर तेच करीन.

गेल्या आषाढात हिला लकवा मारला. लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. तोंड सरळ झालं, बोलणं आलं, पाय चालायला लागले. उजवा हात तेवढा तसाच राहिला. निघताना डॉक्टरनं एक रबरी चेंडू दिला आणि म्हणाला, "बाबा, हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. हात आत्ता चालवला तर चालंल, न्हाई तर असाच राहील."

घरी येऊन हिनं चेंडू फळीवर ठेवला. "मी काय आता चेंडू खेळत बसू का? ज्या हातानं भाकर थापता येत न्हाई, त्यो असला काय आन नसला काय."

भाकरी शेजारून यायला लागल्या. ही चुलीकडं पाठ करून दारात बसायची, हात मांडीवर, दुसऱ्याचा ठेवायला घेतल्यासारखा. मी समजावलं, रागावलो. एकदा म्हणालो, "चेंडू दाबल्याशिवाय जेवायचं न्हाई." तर ती जेवलीच नाही. हट्टात ती माझ्या वरचढ आहे. शेवटी मीच हात जोडले. असं करत दिवाळी आली.

दिवाळीच्या सुट्टीत लेक आली. ती नांदेडला मास्तरीण आहे. सकाळीच म्हणाली, "आबा, आज मी पिझ्झा करून राहिले."

"काचेच्या दुकानात पोरं खातात ते?"

"हाव, तेच. पण घरी, पिठापासून."

"कशाला? घरात ज्वारी संपली का?"

"तुम्ही शेतात जा बरं."

मी गेलो. जाताना एवढंच दिसलं की तिनं कोमट पाण्यात साखर आणि कसली तरी पूड टाकली होती. खमीर म्हणे, पावाला लागतं ते. ऊन चढल्यावर परत आलो, तर लेक घरात नाही, ढोबळी मिरची आणायला स्कूटीवर मुरुडच्या बाजारात गेलेली. ही दारात बसलेली, आणि तिच्या बाजूला उन्हात पातेलं, वर ओलं फडकं. मी फडकं उचललं.

मी उभ्या जन्मात असलं पीठ पाहिलं नव्हतं. पातेलं भरून वर आलेलं, दिवस भरलेल्या बाईच्या पोटासारखं ताणलेलं. वास शिंदीसारखा. बघता बघता त्यावर एक बुडबुडा आला आणि फुटला.

"अगं, ह्ये जितं हाय!" मी ओरडलोच.

मग मला दुसरंच दिसलं. गोल, गुळगुळीत, झाकलेला गोळा. आणि त्याच्याजवळ लकव्यातून उठलेली माझी बायको. विचार केला नाही, पाच बोटं त्यात खुपसली.

फुस्स झालं. गरम वारा माझ्या मनगटावर आला आणि सगळा डोलारा खाली बसला.

"काय केलाव ह्ये?" ही किंचाळली.

"बोटं उमटवली. झाकून कुणी ठेवलं? तुला एवढं कळंना?"

"अवो, लेकीनं फुगायला ठेवलंतं! हात लावू देऊ नको म्हणून गेली!"

"मग सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही कधी इचारलाव? आदी हात, मग तोंड. लेकरू नांदेडवरनं सामान घेऊन आलंय. आता काय करंल ती?"

"मीच करतो नीट," म्हणून मी पीठ परातीत ओतलं आणि दोन्ही हात घातले. ते कोपरापर्यंत चिकटलं. ओढावं तितकं लांब होतंय, झटकावं तितकं जास्त धरतंय. ही बघत होती. जन्मभर पीठ मळलेल्या बाईला ते बघवणार कसं?

"सरका."

"तू कशी करशील?"

"सरका म्हणलं ना!"

तिनं डाव्या हातानं परात ओढली, गुडघ्यानं अडवली, तेल सोडलं आणि मळायला लागली. पण एका हातानं गोळा फिरत होता, जागेवर राहत नव्हता. वैतागून तिनं उजवा हात डाव्यानं उचलला आणि गोळ्यावर ठेवला, कागद उडू नये म्हणून दगड ठेवतात तसा. आणि परत डाव्यानं रेटायला लागली. तोंड चालूच. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.

मी हाताचं चिकटलेलं पीठ काढत बसलो होतो. नजर सहज गेली. तिच्या उजव्या हाताची बोटं पिठात रुतत होती. आधी वाटलं, पीठच हलतंय, मघाशी हललं तसं. मग अंगठा वाकला. गोळा सुटायला लागला की तो हात त्याला धरत होता. दुबळा, पण धरत होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता, ती मला शिव्या देण्यात दंग.

ओरडावंसं वाटलं, गल्ली गोळा करावीशी वाटली. पण मी हिला ओळखतो. बोललो असतो तर तिनं तिथंच हात काढून घेतला असता. म्हणून म्हणालो, "मीठ कमी वाटतंय."

"तुम्हाला काय कळतंय मिठातलं!" आणि आणखी जोरात मळायला लागली.

तेवढ्यात लेक आली. दारातच थांबली, मिरचीची पिशवी तशीच हातात. तिनं तोंड उघडलं, मी डोळ्यांनी दटावलं. पोरगी हुशार. आवाज सांभाळून म्हणाली, "माय, पिठाचं काय झालं?"

"तुझ्या बापाला इचार. पिंड समजून बोटं घातली त्यात."

"अगं, फुगल्यावर त्यातली हवा काढावीच लागती. मीच बुक्की मारणार होते."

"बघ," मी म्हणालो, "मी बरोबरच केलं." त्यावर दोघी एकदम माझ्याकडं बघायला लागल्या.

पुढं जे झालं तेही कमी नव्हतं. लेकीनं कढईत किलोभर मीठ ओतलं आणि खाली जाळ केला. मीठ जाळायचं? म्हणे, भट्टी. पिठाची जाड चकती, त्यावर टमाट्याचा लसूण घातलेला रस्सा, मिरची, कांदा, चीज. मग काकडी, टमाटे, कांदा चिरून ठेवलं.

"कूट कुठाय? फोडणी?"

"आबा, सलाद हाय, कोशिंबीर न्हाई. लिंबू, मीठ, मिरपूड आन वरनं थोडं तेल."

"कच्चं तेल? लोणचं घालून राहिली का?"

झाकण काढलं तेव्हा वास बरा होता, ते कबूल करतो. लेकीनं तुकडे केले आणि तिघांना एकदमच दिले. चीज सुटेना. तुकडा ताटातून उचलला की दोरखंड निघायचं.

हिनं डाव्या हातानं तुकडा तोंडाशी नेला. तार ताणत गेली, हनुवटीवर लोंबायला लागली. आणि हिचा उजवा हात मांडीवरनं उठला. थरथरत, अर्ध्यावर अडकत, पण आपला आपण उठला. तार चिमटीत धरायला गेला, चुकला, परत गेला. तुटली.

मग तिनं तो हात पाहिला. तोंडातला घास तसाच राहिला. सोप्यात फक्त कढईतलं मीठ तडतडत होतं. हिनं हात उलटा केला, सुलटा केला, बोटांना लागलेलं चीज पदराला पुसलं आणि खाली मान घालून खायला लागली. आम्हीही ताटात बघून काकडी खाल्ली, कच्च्या तेलाची.

दुसऱ्या दिवशी लेक नांदेडला निघाली. पिशवी उचलली तर ही दारातून म्हणाली, "खमिराची पुडी ठिवून जा."

मी विचारलं नाही कशाला. टोपी घातली आणि मैदा आणायला मुरुडला निघालो.