रेस सोडली का बंद पडनारी गाडी

माह्या सासऱ्याच्या जवानीतली मोटारसायकल हाये, म्हशीसारखी जड, अन् तीच घेऊन माह्ये मिस्टर रोज नागपूरहून मौद्याले कामावर जातात. दुसरी गाडी नाई आमच्याकडे. मागच्या हिवाळ्यात ती बंद पडाले लागली. चालता चालता नाई पडत होती, रेस सोडली का पडे. सिग्नल आला, रेस सोडली, भुक भुक, बंद. अन् त्या रस्त्यावर मांगं वीज कारखान्याच्या राखेचे ट्रक राहतात, एवढाले मोठे, त्याईले वरून का दिसते समोर कोन थांबलं ते?

हे मले नुसतं ऐकून माहीत होतं. मंग एका रविवारी आमी माह्या बहिनीकडे चाललो होतो, पोरगी माह्या मांडीवर, आठ महिन्याची, अन् पारडीच्या चौकात बंद पडली. मिस्टर किकवर किक मारून राहिले, सायलेन्सरमधून फट्ट फट्ट वाजे पन गाडी काही घेईना, सिग्नल सुटला, मांगून ट्रकनं असा भोंगा देल्ला का पोरगी रडाचीच थांबली, श्वासच धरून बसली. मी मान वळवली तं बंपर माह्या पाठीशी. हात लावला असता तं लागला असता. त्या दिवसापासून ते निघाले का मी फोन हातात घेऊन बसे. फोन करू तं भीती, गाडीवर असतीन अन् उचलतीन. नाई करू तं जीव राहेना.

मिस्त्री दर शनिवारी गाडी बरोबर करून दे, मंगळवारपर्यंत पुन्हा तसंच. तो म्हने, "भाऊ, टायमिंग मांगं जाते, ठिनगी उशिरा पडते, अन् रेस सोडल्यावरचा स्लो कमी होते, आपोआप होत नाई हे. घरी कोनी हात लावते का?"

मिस्टर चिडले. "घरी कोन लावन गा? बाप म्हातारा, बायकोले पाना माहीत नाई."

सोमवारी सकाळी मी पोरीचे लंगोट तारेवर वाळू घालून राहिली होती. सासऱ्याले मी मामाजी म्हनते. मामाजी रोज सकाळी गाडी पुसतात, सुरू करून ठेवतात, पोराले तयार भेटावी म्हनून. त्या दिवशी पाह्यलं तं ते गाडीजवळ वाकले, चांगला कान इंजिनाकडे केला, दुसऱ्या कानानं त्याईले येत नाई, अन् बारका पेचकस घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू हळूहळू फिरवून राहिले. गाडीचा आवाज हळू झाला. अजून हळू. धक... धक... अन् मामाजी हसले.

"मामाजी! काय करून राहिले तुमी?"

"ठोका बसवून राहिलो वं. तो मिस्त्री गाडीची शिलाई मशीन करून ठेवते. आमच्या टायमाले गाडी उभी असली का एकेक ठोका मोजता ये. अख्खा चौक मान वळवून पाहे."

"अन् ते टायमिंग?"

"ते बी थोडंसं मांगं घेतो. त्याच्याबिगर ठोका जमत नाई."

मी कधी त्याईच्यासमोर मोठ्यानं बोलली नाई. पन मिस्टरले सांगतलं असतं तं बापलेकाचं भांडन झालं असतं, अन् नाई सांगतलं तं अर्ध्या तासात ते याच गाडीवर निघनार होते. ओला लंगोट हातातच होता. मी एका दमात सगळं बोलून गेली, चौक, ट्रक, बंपर, पोरीचा श्वास, अन् मधातच मले रडू आलं.

मामाजीनं पेचकस स्क्रूवरून काढला. मंग म्हने, "रोज बंद पडते? मले तं तो काही बोलला नाई."

"तुमाले वाईट वाटन म्हनून नाई बोलले."

ते ओट्यावर बसले. मले वाटलं आता बोलतीन, तुले का समजते म्हनून. पन त्याईनं गाडी बंद केली अन् विचारलं, "तुहे डोळे बरे हायेत ना? मले मोतीबिंदूनं दिसत नाई. ये इकडे, टायमिंग बरोबर लावू."

संक्रांतीच्या पतंगीचा कागद होता घरात, त्याची बारीक पट्टी फाडाले लावली. प्लग काढला, त्या भोकात चाकाची एक सुटी तार सोडली, तारेवर जुनी रेघ होती, मामाजी किक हळूहळू दाबे तशी तार वर सरके, रेघ भोकाशी आली का मी सांगू. मंग इंजिनाच्या बाजूचं झाकन काढलं, आतमधी दोन बारके दाने एकमेकाले चिकटून होते, त्याले पॉइंट म्हनतात, त्याच्या मधात तो कागद. रेघ भोकाशी आली का त्याच घडीले कागद सुटाले पाह्यजे, पह्यले बी नाई, मंग बी नाई. पह्यल्यांदा मी घाईत ओढला तं कागदच फाटला.

"बाई, लग्नातला आहेर नाई ओढून राहिली तू. हळू."

मी दुसरी पट्टी फाडली. आतून मिस्टर ओरडले, "डबा भरला का वं?" डबा भरलाच नव्हता.

"अडकून हाये... हाये... सुटला!"

मामाजीनं पॉइंटखालचा पत्रा तिथंच घट्ट कसला, झाकन लावलं, तार काढून प्लग बसवला, किक मारली, अन् स्लोचा स्क्रू वर घेतला. गाडी भरभर वाजाले लागली. त्याईचं तोंड असं झालं जसं चहात मीठ पडलं.

मिस्टर डबा घ्याले आले. "बाबा, हे का चालून राहिलं?"

"काही नाई. तुह्या बायकोले कामाले लावलं. चाल, मी पारडीपर्यंत मांगं बसतो."

"तुमी काहून?"

"बसतो म्हनलं ना."

ते दोघंही गेले अन् मी फाटकात. आता दोघाईची भीती. पोरीले खांद्यावर घेऊन अंगनात किती फेऱ्या मारल्या माहीत नाई. एका तासानं मामाजी ऑटोतून उतरले, धुळीनं पांढरे.

"तीन सिग्नल लागले. मी मुद्दाम रेस सोडाले लावली. तीनही खेपेले उभी राह्यली." मंग खिशातून पेचकस काढून माह्या हातात देल्ला. "हा तू ठेव. माहा हात सकाळी आपोआप जाते."

दहा वाजता मौद्याहून फोन आला, पोचलो म्हनून. मी नुसतं बरं म्हनलं.

पेचकस मी पिठाच्या डब्यामांगं ठेवला. पन अजूनही मिस्टर निघाले का मी कामं सोडून फाटकात येते. गल्लीच्या टोकाले वळनावर ते रेस सोडतात. तिथं गाडी वाजत राह्यली का मंग मी आत जाते.