पाहुण्यांच्या स्टँडमधले दाजी

माझा मुलगा मिहीर माझ्याशी इंग्रजीत बोलतो. मी मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरातला त्याच्या बालवाडीपासूनचा अलिखित करार. दुबईत वाढलेली पोरं, त्याला इलाज नाही. त्यामुळे जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात ऐन मीटिंगमध्ये त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, “बाबा, काका गेले,” तेव्हा आधी ते मराठी ऐकूनच मी मीटिंगमधून उठलो, अर्थ नंतर कळला. रास अल खैमातल्या सिरॅमिकच्या कारखान्यात, भट्टीशेजारच्या केबिनमध्ये, सकाळचा चहा हातात असताना दाजींच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या मुलीने, इराने, पहिला फोन मला केला नाही, मिहीरला केला. मी काचेला टेकून उभा होतो आणि मला त्या क्षणीही ह्याचंच नवल वाटत होतं, कारण वर्षभरापूर्वी ह्याच मुलीने ह्याच मुलाकडे पाहून तोंड फिरवलं होतं. तिचं चुकलं होतं असंही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलणार आहे. पण हे लिहायला बसलो तरी माझा त्यांच्यावरचा राग पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो आता कुणावर काढायचा तेवढं मात्र कळत नाही…

दाजी अस्सल कोल्हापूरचे, पेठेतले. मी पुण्याचा. लग्न ठरलं त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘पाव्हणं’. “काय पाव्हणं, जेवलासा का?” हा त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न, मग वेळ कुठलीही असो. भट्टीचं तापमान सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूस, स्वतः मात्र कधी तापायचा नाही. इथल्या मराठी मंडळींत सगळे क्रिकेटवेडे. दाजी एकटे फुटबॉलवाले. कोल्हापुरात तालमींच्या टीम असतात आणि त्यांच्यापायी पेठा एकमेकींच्या जिवावर उठतात, हे पुण्याच्या माणसाला सांगूनही पटत नाही. “आमच्याकडं मॅचला चप्पल घालून जायचं न्हाई,” ते सांगायचे. “पळायची वेळ आली तर एक पायात, एक रस्त्यात. घरी आई इचारणार, दुसरी कुठाय?” इरा रास अल खैमातल्या कॉलेजात जाऊ लागली, तिकडे मुलांची फुटबॉल टीम होती आणि हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी बाहेरगावी सामने असायचे. इरा नको नको म्हणत असताना दाजी विद्यार्थ्यांच्या बसमध्ये जाऊन बसले ते बसलेच. पोरं आधी लाजली, मग त्यांना ‘अंकल’ म्हणू लागली, आणि पुढे अंकल आल्याशिवाय ड्रायव्हरला बस काढू देईनात.

बाहेरून आलेल्या समर्थकांचे हाल काय असतात, ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मिहीरचं कॉलेज दुबईतलं, श्रीमंत, त्याचं मैदानही तसंच झगमगीत. घरचा स्टँड भरलेला, ढोल, भोंगे, रंगवलेले चेहरे. आणि कोपऱ्यात कुंपणाला लावून पाहुण्यांचा छोटासा स्टँड. रास अल खैमाची पोरं आत आली की इकडून शेकडो तोंडांतून ‘बेंऽऽ बेंऽऽ’ सुरू व्हायचं, रास अल खैमा डोंगराकडचं, म्हणजे तुम्ही डोंगरातल्या बकऱ्या. मिहीर ह्या ओरडणाऱ्यांचा म्होरक्या. पिवळी टोपी उलटी घालून तो स्टँडच्या कठड्यावर चढायचा आणि पाठ मैदानाकडे करून सगळ्यांना ताल द्यायचा. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं. घरात चार शब्द न बोलणारा मुलगा हजारभर लोकांना नाचवतो आहे, कुठल्या बापाला बरं वाटणार नाही?

त्या शनिवारी मी घरच्या स्टँडमध्ये पालकांच्या रांगेत होतो आणि दाजी समोरच्या कोपऱ्यात इराशेजारी. मध्यंतरात त्यांनी मला लांबून हातही केला. सामना बरोबरीत चालला होता आणि अगदी शेवटी पाहुण्यांनी गोल केला. त्यानंतर आमच्या बाजूला जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आवाज वाढला नाही, उलट एकदम बंद झाला. ढोल थांबले. शिटी झाली आणि पोरं पायऱ्या उतरून कुंपणाच्या कडेकडेने त्या कोपऱ्याकडे सरकू लागली. पाहुण्यांना बसकडे जायचं एकच फाटक होतं, ते त्यांनी अडवलं. सिक्युरिटीचे दोघं, “यल्ला, यल्ला, गो होम,” म्हणत हात हलवत होते, पण त्यांच्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं. आधी खडीसाखरेएवढे बर्फाचे तुकडे उडाले, मग ग्लास, मग बाटल्या. आपल्याकडे पाणी गार राहावं म्हणून बाटल्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात ना, तशा. अर्ध्या बर्फाने भरलेली बाटली म्हणजे दगडच. तिकडच्या मुली बाकांखाली वाकून बसल्या होत्या. एकटे दाजी उभे होते, दोन्ही हात वर करून, काहीतरी बोलत होते. आमच्या गर्दीतून एक हात मागे गेला, पुढे आला, आणि दाजी डोळ्यावर हात दाबून खाली बसले. त्या हातामागे उलटी पिवळी टोपी होती. मी पाहिलं. इराने पाहिलं. दाजींनी तर समोरूनच पाहिलं होतं.

भुवईवर खोल जखम, डोळा थोडक्यात वाचला. इस्पितळात पोलीस आला, कारण इथे असं काही झालं की येतोच. दाजी टाके घालून घेत पडल्या पडल्या हिंदीत म्हणाले, “गर्दी होती साहेब. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.” पोलिसाने दोनदा विचारलं, दोनदा तेच. बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या अंगात तेव्हा कुठे जीव आला. ज्यांनी आखातात संसार केलाय त्यांना सांगायला नको. मिहीर माझ्या व्हिसावर. मारहाणीची केस झाली असती तर त्याचं शिक्षण, त्याचं इथलं राहणं, सगळं एका सहीने गेलं असतं. मी दाजींचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पण कॉलेजने चौकशी समिती नेमली. व्हिडिओ होते, त्यांत पिवळ्या टोप्या डझनभर होत्या, चेहरा एकही स्पष्ट नव्हता. दाजींनी मिहीरला घरी बोलावून घेतलं आणि एवढंच सांगितलं, “तू सांग. न्हाई सांगितलंस तर मी सांगणार.” मिहीर मान खाली घालून बसला आणि तसाच उठून आला. आठवड्याने मी आणि बायको रास अल खैमाला धावलो. दाजी डोळ्यावर पट्टी बांधून सोफ्यावर, ताई स्वयंपाकघराच्या दारात, इरा तिच्या खोलीत दार लावून. मी म्हणालो, “दाजी, पोलिसांना नाही सांगितलंत, मग आता कॉलेजला कशाला? खलास करा ना विषय. लहान आहे तो.”

“लहान न्हाई पाव्हणं. माझ्यापेक्षा टाळकंभर उंच हाय.”

“घरातला आहे!”

“म्हणून तर सांगायचं. पोलिसांत दिलं असतं तर पोरगं हातचं गेलं असतं. आता गप बसलो तरी जाणारच की.”

“तुमचा स्वतःचा मुलगा असता तर असं केलं असतंत?”

स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाली, “बास आता.” दाजी माझ्याकडे एका डोळ्याने पाहत राहिले… आणि पुढच्याच सोमवारी समितीपुढे जाऊन नाव सांगून आले. मिहीरचं एक सेमिस्टर गेलं. कॉलेजच्या मैदानावर वर्षभर बंदी. मित्र आधी फोन करायचे, मग तेही बंद झाले. मी ताईशी बोलत राहिलो, दाजींशी कामापुरतं. त्यांचा “जेवलासा का?” फोनवर आला की मी “हो” म्हणून फोन बायकोकडे द्यायचो.

आणि मग हा गृहस्थ काय करतो? शनिवारी दुपारी आमच्या टॉवरखाली गाडी घेऊन येतो आणि मिहीरला फोन करतो, “चल, मॅचला.” कुठल्या मॅचला? इराच्या कॉलेजची बाहेरगावी असेल त्या. कधी अजमान, कधी शारजा. ज्या पोरांवर मिहीरने बाटली मारली त्यांच्यातच, पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, ह्याला नेऊन बसवायचं. मला हे कळलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, हा धडा शिकवणं नाही, हा सूड आहे. बायको म्हणाली, “मग मिहीर का जातो?” मिहीर गुपचूप बूट घालायचा आणि जायचा. मी वरून काचेतून पाहायचो. दाजींची पांढरी गाडी, दाजी बाहेर उभे, मान वर करून आमची खिडकी शोधताहेत. खाली जाऊन यावं असं एकदोनदा मनात आलं. गेलो नाही, आणि आज ते डाचतं असं लिहून मोकळा होणार नाही; त्या वेळी मला जायचंच नव्हतं. पहिल्या मॅचला त्याच्या आजूबाजूची बाकं रिकामी राहिली होती, एवढं मिहीरने आईला सांगितलं. इरा चार रांगा सोडून बसली. पुढे केव्हातरी ती तीन रांगांवर आली असेल, दोन रांगांवर आली असेल… मला कुणी सांगितलं नाही. मला कळलं ते एकदम त्या फोननेच.

दाजींचं सगळं इथेच केलं. अग्नी इराने दिला आणि खांदा देताना तिच्या पुढ्यात मिहीर होता. मी मागे होतो.

मागच्या शनिवारी मिहीर माझ्या खोलीच्या दारात आला. “डॅड, मॅच इन खलिफा सिटी. इरा टेक्स केअर ऑफ द बस दीज डेज. यू कमिंग?” मी का हो म्हणालो माहीत नाही. अबू धाबीकडच्या त्या मैदानावर पोचलो तर इरा बसमधून उतरणाऱ्या पोरांची डोकी मोजत होती. मला पाहून म्हणाली, “या मामा,” आणि एक पाण्याची बाटली हातात ठेवली. आम्ही कोपऱ्यातल्या स्टँडमध्ये शिरलो आणि समोरून ‘बेंऽऽ’ सुरू झालं. हे तिकडून ऐकणं वेगळं आणि इकडून ऐकणं वेगळं, एवढं मी सांगू शकतो. मिहीर बसला नाही. एसटीतल्या कंडक्टरसारखा रांगांमधून फिरू लागला. “कॅप, प्लीज. थँक यू. कॅप, प्लीज.” प्रत्येकाच्या बाटलीचं झाकण काढून घ्यायचा आणि खिशात टाकायचा. पोरं सवयीने देत होती. माझंही घेतलं.

“हे काय?” मी इराला विचारलं.

“बाबांचा नियम, मामा. डोळ्याला लागल्यापासूनचा. ते म्हणायचे, झाकण काढलेली बाटली फक्त प्यायच्या कामाची उरते. आपल्याला राग आला तरी.”

“आपल्याला? मारतात ते लोक ना?”

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या टीमने गोल केला आणि समोरची पोरं कुंपणापर्यंत आली. एकाने कोलाचा भरलेला ग्लास भिरकावला, तो सरळ इराच्या डोक्यावर. केसांतून बर्फ ओघळतोय, सुतकातून नुकती उठलेली माझी भाची, आणि पलीकडे तो हरामखोर दात काढून हसतोय. मी उभा राहिलो, शिवी हासडली, आणि हातातली बाटली फेकायला हात डोक्यामागे नेला. गळ्यापर्यंत भरलेलं गारेगार पाणी माझ्याच मानेवरून, सदऱ्याच्या आतून, पाठीवर, थेट पँटमध्ये गेलं. हातात उरलं ते प्लास्टिकचं हलकं टरफल. समोरचा अख्खा स्टँड खदाखदा हसला. आमचाही हसला. इरासुद्धा हसली, केसांतला बर्फ झटकत.

“सिट, बाबा,” मिहीर म्हणाला आणि माझा दंड धरून मला खाली बसवलं. मी बसलो आणि दाजी गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो, भर स्टँडमध्ये, ओल्या पाठीने, लहान पोरासारखा. मिहीरने दुसरी बाटली आणली, झाकण काढून खिशात टाकलं आणि ती माझ्या हातात दिली. मी पाणी प्यायलो.