हितसंबंध नसलेली माणसं

देशातल्या कर्करोगाविरुद्धच्या लढ्याची धुरा निःस्वार्थी आणि निरपेक्ष माणसांच्या खांद्यावर आहे. हे वाक्य माझं नाही. एका राष्ट्रीय संस्थेच्या गुळगुळीत पुस्तिकेत ते दुसऱ्या पानावर छापलेलं आहे, आणि खाली त्या निरपेक्ष माणसांचे फोटो आहेत, प्रत्येकी एका गोलात. शेवटच्या ओळीत एकटा उरलेला अकरावा गोल माझा. फोटोत माझा डावा गाल आत गेलेला दिसतो. बाकी दहा जणांच्या सुरकुत्या छापखान्यात नाहीशा झाल्या. माझा गाल मात्र होता तसा राहिला. हे आपोआप झालं असेल यावर माझा विश्वास नाही.

मी गोंदियातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नोकरीभर पुस्तकं आणि खर्रा, दोन्हींची सवय होती. पुस्तकांनी काही बिघडवलं नाही. सुपारी-तंबाखूच्या त्या घोटलेल्या पुडीनं गाल नेला. नागपुरात ऑपरेशन झालं, मी वाचलो, आणि घरी पडल्या पडल्या या संस्थेची पुस्तिका हाती आली. तिच्यात देशाचा नकाशा होता, उपचार केंद्रांचे लाल ठिपके होते, आणि ठिपके म्हणजे काय हे सांगणारी एक चौकट होती. ती चौकट नेमकी आमच्या जिल्ह्यावर छापली होती. ठिपका नसलेली एवढी मोकळी जागा त्यांना दुसरीकडे सापडली नसावी. मी तसं पत्र लिहिलं. जरा तिखटच लिहिलं.

उत्तर आलं ते नियामक मंडळावर सदस्य होण्याचं निमंत्रण. पद होतं 'रुग्ण-प्रतिनिधी'. पुढच्या आवृत्तीत चौकट सरकवण्यापेक्षा मला आत घेणं त्यांना सोपं वाटलं असणार. पत्रं लिहिणाऱ्याला गप्प करायचं तर त्याला खुर्ची द्यावी, हे मी कॉलेजच्या संस्थाचालकांकडून शिकलो होतो. खुर्ची नाकारावी हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षं मी घरूनच, संगणकाच्या पडद्यावरून सभांना हजर राहिलो. सुरुवातीला गेलेल्या रुग्णांसाठी दोन मिनिटं मौन, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग विषय. बहुतेक विषयांची 'नोंद घेण्यात आली' असं सचिवबाई वाचून दाखवत. या बाई सदस्य नव्हत्या, पगारी होत्या. त्यामुळे सगळे कागद वाचणाऱ्या त्या एकट्याच. विषयाची नोंद घेतली की तो पुन्हा दिसत नाही हे माझ्या लवकरच लक्षात आलं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायमूर्ती होते. पाहुण्यांशी ते माझी ओळख 'हे आमचे रुग्ण' अशी करून देत. दर वेळी मी नमस्कार करीत असे.

मग एक दिवस पत्र आलं की वर्षातून एकदा राजधानीबाहेर सभा घेण्याच्या प्रथेनुसार यंदाची सभा गोंदियात होईल. विषय क्रमांक सात : गोंदिया येथे दिवसभराचं केमो केंद्र सुरू करणे.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आधी तारीख पाहिली. शुक्रवार. शनिवारी 'अभ्यास-दौरा' होता, आणि पहाटे सव्वापाचला जंगलाच्या फाटकाशी जमायचं होतं. कर्करोगाचा अभ्यास करायला इतक्या पहाटे जंगलात जावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

यातलं सभेचं तेवढं मी सौंदड गावी जाऊन माझ्या वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. तिच्या छातीचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं आणि केमोचे आठ डोस लिहून दिले होते, दर तीन आठवड्यांनी एक. चार झाले होते. डोस म्हणजे चार तासांची सलाईन. पण त्यासाठी पहाटेची बस, नागपुरातली रांग आणि परतीची बस. परतीच्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागे पिशवी धरून बसायची. चौथ्या वेळी कंडक्टरनं भल्या मनानं सगळ्यांना सांगितलं की त्या मावशीला खिडकी द्या, त्यांना केन्सर आहे. आख्खी बस वळून बघायला लागली. बसमध्ये तिच्या माहेरचे तिघं जण होते.

घरी आल्यावर वहिनीनं भावाला सांगून टाकलं की अजून एक डोस घेते, मग नाही. भाऊ समजावून थकला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले की अर्ध्यावर सोडलं तर केलेलं वाया जाईल. वहिनीचं उत्तर एकच होतं : उलटी सहन होते, बस सहन होत नाही. गोंदियाची रेल्वेगाडी सौंदडवरून जाते, तासाभरात पोचते, आणि त्या गाडीत कुणी कुणाकडे बघत नाही. गोंदियात असतं तर गेली असती.

म्हणून मी तिला सभेचं सांगायला गेलो होतो. ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही.

"भाऊजी, येवढे मोठे लोकं गोंदियाले कायले येऊन राहिले?"

"सभा आहे, वहिनी."

"अन् दिल्लीले जागा नोती का?"

मी सांगितलं की तुमच्यासारख्यांसाठीच केंद्र काढतायत.

"मले वळखते का कोनी तिथं? मंग माझ्यासाठी काऊन काढतीन?" ती म्हणाली. "वाघ पाहाले आले असतीन."

दौऱ्याचं मी तिला बोललो नव्हतो.

सभेसाठी स्टेशनजवळच्या एका हॉटेलचा हॉल घेतला होता. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. हॉटेलवाल्यानं थर्माकोलची कमान काढली, पण नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या जड होत्या म्हणून राहू दिल्या. अध्यक्षांना पाठीचा त्रास होता. त्यांनी नवऱ्याच्या खुर्चीत बसून मौनाची दोन मिनिटं पाळली. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर उतरलेले आणि रेल्वेनं आलेले धरून आम्ही आठ जण हजर होतो. नववे सदस्य पडद्यावर होते, पण त्यांच्या छताचा पंखाच तेवढा दिसत होता.

विषय सातवर आल्यावर सचिवबाईंनी एक छापील कागद वाचला. ज्या सदस्याचा किंवा त्याच्या नातलगाचा या विषयात हितसंबंध असेल त्याने तो जाहीर करून चर्चेच्या वेळी बाहेर जावं. हा नियम आधी होता की माझ्यासाठी आणला, कोण जाणे. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच वाचला गेला. मी उठलो, माझ्या घरातला रुग्ण इथे उपचार घेईल असं सांगितलं. अध्यक्षांनी हातानं दार दाखवलं. म्हणजे दोन वर्षं रुग्ण-प्रतिनिधी म्हणून बसवून, रुग्णाचा विषय निघाल्याबरोबर रुग्णाचा माणूस बाहेर. मला त्यात नवल वाटलं नाही. पडद्यावरच्या माणसाला दार दाखवता येत नाही, म्हणूनच सभा गोंदियात घेतली असेल, असंही मनात येऊन गेलं.

व्हरांड्यात उभा राहतो न राहतो तोच मागून पुण्याचे शल्यचिकित्सक आले. त्यांचा एक विद्यार्थी या केंद्रावर डॉक्टर म्हणून येणार होता. मग दिल्लीचे निवृत्त सनदी अधिकारी आले. केंद्रावर केमोसाठी लागणाऱ्या झोपत्या खुर्च्या त्यांच्या मुलीच्या कंपनीच्या होत्या. मग एक देणगीदार बाई आल्या, आणि त्यांच्या मागे औषध कंपनीचे एक माजी संचालक. दोघांनीही कारण सांगितलं नाही. मी मनात बोटांवर मोजलं. निःस्वार्थी माणसांचा एक बऱ्यापैकी घोळका व्हरांड्यात जमला होता. आत राहिले ते अध्यक्ष, आणखी दोन सदस्य आणि पंखा.

यात एक अडचण होती, ती आधी आतल्यांना कळली. केंद्राविषयी ज्याला ज्याला काही माहीत होतं तो बाहेर होता. दहा मिनिटांनी सचिवबाई दार किलकिलं करून आल्या आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या की आत असा प्रश्न निघाला आहे की इथे दिवसभर वीज असते का. आम्ही असते म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा आल्या. इथे रुग्ण आहेत का? शल्यचिकित्सकांनी माझ्याकडे बघितलं.

मी त्यांना वहिनीचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. बहुतेक बाकीच्यांसारखे ते पान थुंकायला जागा शोधत नव्हते एवढ्याचसाठी. चार झालेत, चार राहिलेत, बसचं असं झालं, पुढच्या डोसनंतर ती थांबणार. त्यांनी औषधाचं नाव विचारलं. कागद माझ्या खिशात होता.

"हे इथे सहज देता येईल," ते म्हणाले. "यासाठी नागपूरला कशाला पाठवतात? आत सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं म्हणूनच बाहेर आहे, डॉक्टर."

ते हसले नाहीत. त्याबद्दल मी त्यांना थोडे गुण दिले.

सचिवबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. आतल्यांना विषय महत्त्वाचा वाटत होता, इतका महत्त्वाचा की त्यासाठी उपसमिती नेमावी आणि पुढच्या सभेत तिच्या अहवालाची नोंद घ्यावी. पुढची सभा तीन महिन्यांनी. तोवर वहिनीचे डोस संपलेले असणार, घेतलेले किंवा न घेतलेले.

"मात्र उपसमिती नेमायलाही कोरम लागतो," बाई म्हणाल्या. "पाच लागतात. आत चार आहेत."

त्या हे अशा आवाजात म्हणाल्या की मला वाटलं, गेली पंधरा वर्षं ही बाई अशा एखाद्या क्षणाची वाट बघत असावी. मग त्यांनी पुढे सांगितलं की बाहेरच्यांपैकी कुणाचा हितसंबंध सर्वांत लहान असेल तर अध्यक्ष त्याला परत घेतील, आणि पाचवा माणूस म्हणाला तर मूळ ठरावच मताला टाकता येईल.

मग व्हरांड्यात आमची खरी सभा झाली. कुणाचा स्वार्थ लहान? प्रत्येकाला दुसऱ्याचा मोठा वाटत होता. देणगीदार बाई म्हणाल्या की त्यांचं फक्त नाव लागणार आहे भिंतीवर. माजी संचालक फोनवर बोलायला लांब गेले. निवृत्त अधिकाऱ्यांनी मात्र चष्मा काढून नियमाचा कागद मागितला. आयुष्यभर त्यांनी हेच केलं असणार. त्यांनी नातलगांची यादी बोटानं खालपर्यंत वाचली : पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, सख्खे भाऊबहीण. मग माझ्याकडे वळले.

"पेशंट आपकी कौन है?"

"भाभी."

त्यांनी यादी पुन्हा एकदा वाचली. "भाभी इसमें नहीं है," ते म्हणाले. "आप अंदर जाइए."

मी कागद स्वतः वाचला. खरंच नव्हती. ज्यानं यादी केली त्याच्या घरात भावजय चुलीशी उभी राहिलेली नसावी. माझी आई गेली तेव्हा मी नववीत होतो. त्यानंतर मला ज्या बाईनं वाढून दिलं, ती त्या कागदाच्या लेखी माझी कुणी नव्हती. आमच्या सगळ्यांत खरा स्वार्थ असलेला एकच माणूस होता, आणि नियमानं तोच निरपेक्ष ठरला.

इथे माझा संशय पहिल्यांदा माझ्यावर आला. प्रामाणिक माणूस म्हणाला असता की यादी चुकली आहे, मी बाहेरच थांबतो. मी तसं म्हणालो नाही. मी दार ढकललं आणि नवरीच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो.

अध्यक्षांनी विचारलं, "आमच्या रुग्णांना या विषयावर काही बोलायचंय?"

खूप बोलायचं होतं. पण बोलू लागलो असतो तर मला हे किती हवं आहे ते आवाजात कळलं असतं. मी नाही म्हणालो. व्हरांड्यातल्या शल्यचिकित्सकांच्या सांगण्यावरून सचिवबाईंनी ठरावात एवढंच घातलं होतं की इमारतीची वाट न बघता एका चालू रुग्णालयाच्या दोन खोल्यांत काम सुरू करावं. हात वर झाले. पंख्यानं 'येस' म्हटलं. ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं की सखोल चर्चेअंती.

वहिनीनं पाचवा डोस नागपूरला घेतला आणि म्हटल्याप्रमाणे थांबली. सहाव्याची तारीख आली आणि गेली. केंद्र त्यानंतर अकराव्या दिवशी उघडलं. ते अकरा दिवस मी रोज सचिवबाईंना फोन करीत होतो, आणि त्या रोज पहिल्यांदाच बोलत असल्यासारख्या सगळं ऐकून घेत होत्या. डॉक्टर म्हणाले, एवढा उशीर चालेल, पण याहून जास्त नको.

उद्घाटनाला मंडळातले निम्मे सदस्य आले. फीत कापली, दिवा लावला, भाषणं झाली. ती संपेपर्यंत वहिनी भावासोबत बाहेर बाकावर बसून होती. आत बोलावलं तेव्हा ती दारातच अडली आणि मला खालच्या आवाजात म्हणाली की माझ्यावर शिकाचं नाही, आधी कोणाले तरी लावा. मी नर्सकडून नोंदवही मागून घेतली आणि तिला पान दाखवलं. तिच्या आधी दोन नावं होती. ती निमूट खुर्चीत बसली, आणि चार तासांनी सौंदडची गाडी पकडून घरी गेली. उरलेले दोन डोसही तिनं तिथेच घेतले.

वहीत तिचा क्रमांक तिसरा आहे. पहिले दोन रुग्ण म्हणजे अध्यक्ष आणि निवृत्त अधिकारी. फोटोसाठी त्यांनी रक्तदाब मोजून घेतला होता. दोघांचाही जास्त निघाला.