डबीचं झाकण मी उघडत होतो

बायको वारली, तिच्याही कानावर हे मी घातलं नाही. तुम्हाला सांगतो — पण आधी व्याह्याबद्दल बोलू द्या.

तो उंद्रीचा. मुलाच्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी त्यानं मला फेटा बांधला आणि भर मांडवात म्हणाला, "इवाई, डोक्शापरीस फेटाच मोठा दिसून राह्यला." मांडव हसला. मीही हसलो. विसरलो का? घास गिळताना आठवायचा तो फेटा.

त्याची मुलगी वैशाली, माझी सून. तिचा काय दोष? लग्नानंतर तिला उदासीचा आजार झाला होता, गोळीनं ती बरी झाली. मग तिला दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, गोळी सोडायची नाही. गरोदर बायका ही गोळी किती नेमानं घेतात, याची त्यांच्याकडे पाहणी चालली होती. वैशालीलाही एक डबी मिळाली. झाकण उघडलं की त्याची नोंद आपोआप व्हायची. उरलेल्या गोळ्याही ते मोजत.

डबी मिळाली त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, मी गोळी घेऊन नाही राह्यली. बाळाले काही झालं तं? ह्यायले सांगू नका."

मुलाला सांगायला हवं होतं — त्याच वेळी. मी म्हणालो, "डबीचं मी पाहतो." आणि रोज चहाआधी झाकण उघडून एक गोळी मोरीत टाकत गेलो. तिला ती माया वाटली. माया कसली? ती पुन्हा ढासळावी, तिच्या बापानं माझ्यापुढे मान खाली घालावी — मला एवढंच हवं होतं.

ती ढासळली. वेणीफणी सोडली, जेवण सोडलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. तिचा बापही आला. तिथं तिनं सांगून टाकलं, "मी गोळ्या घेतल्याच नाही. डबी बाबा उघडत होते. इचारा त्यायले."

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरांच्या नोंदीत एकही खाडा नव्हता.

"रोज घेते," मी म्हणालो. "माह्या डोयादेखत." मग व्याह्याकडे पाहिलं — "तुमच्या पोरीले आता खरं-खोटंबी समजून नाही राह्यलं."

त्याची मान खाली गेली. किती गोड वाटलं, सांगू? अजूनही आठवलं की वाटतं. तेही लपवत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली.

ही गोळी तिला लागू पडत नाही, असं ठरलं. ती माहेरी गेली, तिथंच बाळंत झाली, परत आली नाही. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. लेकराला अजून जवळ घेत नाही म्हणतात. जिनं ती एकदा उठून उभी राहिली होती, ती गोळी मात्र तिला कोणी देत नाही — खाऊनही उपयोग झाला नव्हता ना?

तिनं ती खाल्लीच नव्हती. वैशाली खरं बोलत होती. खोटं मी बोललो.