कॅनडातून राखलेलं दार

माझ्या घराचा राखणदार कॅनडात राहतो. राखणदार म्हणजे माझा लेक. तिथं बसून तो कोल्हापुरातल्या माझ्या दारावर मोबाइलमधून नजर ठेवतो. आणि त्याचं स्वतःचं दार? मी राहून आलेय त्याच्याकडं. मागचं दार सताड उघडं, गाडी रस्त्यावर, तीही लॉक न करता, आत सूनबाईंची पर्स. हटकलं तर म्हणाला, "आई, इथं कोण हात लावत न्हाय." म्हणजे चोर तेवढे आमच्या गल्लीत!

आमचं दार सकाळी उघडलं की रात्रीच लागायचं. गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला. कुणाची सून बाळंतपणाला अडली, कुणाचा बाप आजारी पडला, की किल्ली घ्यायची आणि सुटायचं. चोरी म्हणाल तर एकदा वाळत घातलेले सांडगे गेले, तेही कावळ्यांनी नेले.

मागल्या सुट्टीत चिरंजीवांनी दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं, वर बोलणारा कॅमेरा, गाडीला भोंगा. गाडीवर मांजर बसलं तरी भोंगा बोंबलतो. पहिल्यांदा अख्खी गल्ली धावत आली. आता बसल्या जागेवरून "गप की रं!" म्हणतात. इतकी कडेकोट व्यवस्था.

तेही सोसलं असतं. पण शेजारीण रोज सकाळी माझ्याकडं चहाला यायची. मालक गेल्यापासून त्या चहावरच माझा दिवस उभा राहायचा. एकदा ती डोक्यावरून पदर घेऊन दाराशी आली, तर कॅमेऱ्यातून लेक गुरकावला, "कोण पाहिजे?"

"तुला काखंत मारून पोलिओचा डोस पाजून आणलेली बाई हाय मी! वळखलं न्हाईस व्हय?" असं ठणकावून ती जी परतली, ती पुन्हा आली नाही. मग मीच तिच्या घरी जाऊ लागले. चहा मिळायचा, पण तिची सून सदा समोर. मनातलं काही बोलता येईना. जीव गुदमरायचा नुसता.

गणपतीत लेक न सांगता आला. मी समोरच शेजारणीच्या सोप्यात चहा पीत बसले होते. त्याच्या परदेशी मोबाइलला इथं नेट मिळेना, आणि कुलपाचा आकडा नेमका त्या नेटवरच. बॅगा टाकून तो गाडीला टेकला. भोंगा बोंबलला.

"गप की रं!" घराघरांतून आवाज आले. बाहेर कुणीही आलं नाही.

शेजारीण मात्र उठली. कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभी राहिली. "कोण पाह्यजे, पावणं?"

पोटच्या पोराला त्याच्याच दारात पावणं म्हटलेलं ऐकून माझ्या काळजात चर्र झालं. आकडा मला पाठ होता. पण मी आधी चहा संपवला.

मग जाऊन दार उघडलं. शेजारीण उंबऱ्याबाहेरच थांबली, कॅमेऱ्याकडं बघत. लेक खाली मान घालून म्हणाला, "काकू, चुकलं माझं. या की आत."

"तू कोण मला बोलवणार?" ती म्हणाली, आणि त्याला बाजूला सारून थेट माझ्या स्वयंपाकघरात आधण ठेवायला गेली.