सुपडूभाऊंचं नाक आणि खमणचा पिंजरा

सुरतला, बमरोलीतल्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये, धुलाई खात्यात, सुपडूभाऊंचं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण गरम पाण्यात सोडा टाकून सुटते, यावर त्यांचा ठाम विश्वास. घरी आलेलं कलिंगडसुद्धा हा माणूस साबणानं धुतो. ज्या खात्याच्या दारावरून जाताना आपल्यासारख्यांचे डोळे चुरचुरतात, तिथेच बसून ते डबा खातात आणि वर म्हणतात, "भाजी अळणी शे."

भाजी अळणी नसायची. सुपडूभाऊंचं नाक कधीच कामातून गेलं होतं. दूध उतू जाऊन करपलं तरी ते शेजारी पेपर वाचत बसायचे. धुरपदाबाई ओरडली की म्हणायचे, "पहिलेसारखं दूधच नही ऱ्हायनं." दोष दुधाचा! गावी, पारोळ्याकडे गेले की भावाच्या खळ्यात उभे राहून जोरजोरात श्वास घ्यायचे, आणि मग कुणाशी न बोलता ओट्यावर येऊन बसायचे. धुरपदाबाईला सगळं कळत होतं. पोरीला, चंचलला, मात्र ठाऊक नव्हतं. पोरीसमोर बाप धडधाकटच असायला हवा, असं सुपडूभाऊंचं मत.

चंचल नर्सिंग शिकायला नंदुरबारला निघाली आणि मागे हॅमस्टर ठेवून गेली. ढोकळ्यासारखा पिवळसर, भुसभुशीत अंगाचा, म्हणून नाव खमण. होस्टेलवर खमणला मनाई होती. जाताना ती पिंजऱ्याला कवटाळून इतकी रडली, की खुद्द सुपडूभाऊंसाठी कुणी इतकं रडेल की नाही, याची त्यांना शंका आली.

"पप्पा, सुट्टीत येईन तेव्हा मला हा असाच पाहिजे."

"असाच कसा? याहून चकचकीत देतो!"

धुरपदाबाईची अट वेगळी होती. ती घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. खोली एकच. "साड्यासले वास लागना ते मी ह्या उंदीरले भायेर फेकी दिसू."

"उंदीर नही, खमण."

"खमण ऱ्हावो नहीतर जिलेबी!"

सुपडूभाऊ कामाला लागले. रोज मिलमधून आल्या आल्या खमण कोरड्या बादलीत आणि पिंजरा मोरीत. तारा घासल्या, चाक घासलं, पाण्याची बाटली खळखळून धुतली, सगळा भुसा फेकून सुताराकडचा नवा कोरा भुसा भरला. खमणनं रात्रभर खपून कागदाचे तुकडे जमवून घरटं करावं आणि संध्याकाळी या धुलाईसम्राटानं ते कचऱ्यात टाकावं. आणि वास? वास वाढतच गेला.

"वास येस का?" सुपडूभाऊ विचारायचे.

"कालदिनपेक्षा जास्त," धुरपदाबाई पदर नाकाला लावून सांगायची.

मग सोडा वाढायचा. खमण पिंजऱ्याच्या तारा कुरतडत बसायचा. शेवटी चंचलनंच व्हिडिओ कॉलवर पिंजऱ्याची ही आंघोळ पाहिली आणि किंचाळली, "पप्पा, शुं करो छो! रोज सगळं धुवायचं नसतं. तो एकाच कोपऱ्यात मुततो, तेवढाच ओला भुसा रोज काढा. सगळा भुसा एकदम फेकू नका, थोडा जुना ठेवा. आणि घरट्याला हात लावू नका. त्याला दिसतं कमी, तो आपलं घर वासानं ओळखतो. तुम्ही त्याचा वास पुसता, तो घाबरून पुन्हा सगळीकडे लावतो."

"म्हणजे मी रोज त्याचं गाव पुसत होतो?"

"असंच समजा."

त्या संध्याकाळी सुपडूभाऊंनी सोड्याचा डबा उचलून माळ्यावर टाकला.

पण शिस्त म्हणजे शिस्त. दुसऱ्या दिवसापासून कोपरा तेवढा साफ. घरटं म्हणजे देव्हारा. हात लावायचा नाही. रोज सकाळी ते पिंजरा उचलून धुरपदाबाईच्या नाकासमोर धरायचे, आणि ती चहा गाळता गाळता निकाल द्यायची. वास उतरला. एके दिवशी ती म्हणाली, "आज नही." सुपडूभाऊंनी मिलमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. चंचल फोनवर विचारायची, "पप्पा, वास येतो का?" हे ऐटीत सांगायचे, "बिलकुल नाही!" या बाबतीत ते कधीच खोटं बोलले नाहीत.

मग थंडीत धुरपदाबाईची आई आजारी पडली आणि ती पारोळ्याला गेली. घरातलं नाक गावी गेलं.

सुपडूभाऊ नेमानं कोपरा बघत. कोपरा कोरडा. "शहाणा झाला," ते म्हणाले. वाटीतले दाणे तसेच दिसले. थंडी आहे, झोपला असेल. सुरतची थंडी ती काय, पण सुपडूभाऊ स्वतःही तेव्हा कानटोपी घालून फिरत होते. घरट्यात डोकावायचा मोह व्हायचा. पण पोरीनं बजावलं होतं. त्यांनी हात मागे घेतला.

समोरच्या वत्सलाबाई वऱ्हाडातल्या, तोंडाच्या फटकळ. दुपारी त्या दारात आल्या, ओढणी नाकावर घट्ट धरून.

"सुपडूभाऊ, काय मेलं जी तुमच्या घरात?"

"कुठं काय! रोज साफ करतो. बिलकुल वास नाही," सुपडूभाऊ दुखावून म्हणाले. "हवं तर धुरपदाला फोन लावून विचारा."

"ते तिकडून काय हुंगन? अख्ख्या मजल्याले समजलं, तुम्हालेच कसं समजत नाही जी?" त्या आत आल्या आणि थेट पिंजऱ्यापाशी थांबल्या. "हटा बाजूला. मले पाहू द्या."

"घरट्याला हात लावू नका! त्याला आवडत नाही."

वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कागदाचे तुकडे दोन बोटांनी बाजूला केले आणि काहीच बोलल्या नाहीत. वत्सलाबाई गप्प बसल्या म्हणजे काय झालं असेल, ते कळायला नाक लागत नाही.

त्यांनी खमणला कागदात गुंडाळून खाली नेलं. सुपडूभाऊ घरट्याचे तुकडे ओंजळीत घेऊन नाकाशी धरत राहिले. पुन्हा पुन्हा. जोरजोरात, खळ्यात घेत तसे. धुतलेल्या ताटाइतकंच ते घरटं त्यांना बिनवासाचं लागलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"पप्पा, परीक्षा संपली! परवा येते. कसा आहे तो? वास येतो का?"

"चंचल," सुपडूभाऊ म्हणाले, "माले वासच येत नही. कसानाच नही. भलता वरीस व्हयनात."

"मग पप्पा... खमण?"

सुपडूभाऊंनी फोन पिंजऱ्याकडे वळवला. पिंजरा चकचकीत होता.